शांत रात्रीचें गीत: त्याचा खरा वृत्तांत व आपल्यासाठीं बोध

शास्त्रभाग: लूक २:१-२०, इफिस २:१३-१८



नाताळचा सण जवळ आला म्हणजे आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत गायनाची तयारी सुरू होते. शेतांतलें काम आटोपून तरुण मंडळी रात्रीं मंदिरांत जमतात. कोणी पेटी पुसून ठेवतो, कोणी ढोलकीची दोरी ताणतो, कोणी लहान मुलांकडून ओळी पाठ करून घेतो. जुनीं गाणीं पुन्हां निघतात, नवीं शिकविलीं जातात. परंतु एक गीत असें आहे कीं, तें फारसें शिकवावें लागत नाहीं. शांत व पवित्र रात्रीचें तें गीत, हातांत मेणबत्त्या घेऊन हळू आवाजांत म्हटलें जाणारें, म्हाताऱ्यांस व लेकरांस सारखेंच ठाऊक असतें. जगांतील तीनशेंहून अधिक भाषांत व बोलींत त्याचे अनुवाद झाले आहेत, आणि आपल्या मराठींतहि तें गायिलें जातें.

असें असून हें गीत कोणीं केलें, कोठें केलें व कोणत्या दिवसांत केलें, असें विचारिलें तर फार थोड्यांस सांगतां येतें; आणि जें सांगतां येतें त्यांतहि कांहीं भाग खरा नसतो. हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथीं मारीत नाहीं. आम्ही स्वतः कांहीं वर्षें नाताळच्या उपदेशांत ह्या गीताची एक रसभरित कथा सांगत आलों, आणि ती आम्हीं कधीं पारखून पाहिली नव्हती. मागील नाताळांत शब्बाथशाळेंतील एका मुलीनें आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, हें खरोखर असेंच घडलें काय? कोणीं लिहून ठेविलें आहे?" तेव्हां आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या प्रश्नामुळें आम्हीं शोध केला, आणि त्या शोधाचें फळ ह्या पाठांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

१. तो काळ व तें ठिकाण

हें गीत मूळ जर्मन भाषेंतील असून त्याची जन्मभूमि ऑस्ट्रिया देशांतील साल्झबर्ग प्रांत ही होय. त्या प्रांतावर शेंकडों वर्षें तेथील मुख्य धर्माध्यक्षाचेंच राज्य होतें. १८०३ सालीं तें राज्य मोडलें, आणि नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमींत तो प्रांत एका सत्तेच्या हातून दुसरीच्या हातीं जात राहिला. सैन्यें आलीं व गेलीं, कर बसले, धान्य व जनावरें लुटलीं गेलीं. शेवटीं १८१६ सालीं साल्झबर्ग ऑस्ट्रियाच्या राज्यास जोडलें गेलें, आणि बव्हेरिया व ऑस्ट्रिया यांमधील सीमा साल्झाख नदीवर ठरली.

त्या नदीच्या एका तीरावर लाउफेन नांवाचें गांव आणि दुसऱ्या तीरावर त्याचाच भाग असलेलें ओबर्नडॉर्फ होतें. कालपर्यंत जें एक गांव होतें त्याचीं आतां दोन राज्यांत दोन गांवें झालीं. ओबर्नडॉर्फचे पुष्कळ लोक मिठाच्या नावा चालवून पोट भरीत. युद्धानें व नव्या सीमेनें त्या धंद्यावरहि संकट आलें.

ह्याच सुमारास आणखी एक संकट कोसळलें. १८१५ च्या एप्रिल महिन्यांत, आज जो देश इंडोनेशिया म्हणून ओळखला जातो तेथील तांबोरा नांवाच्या ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. त्याची धूळ आकाशांत इतकी पसरली कीं, पुढल्या वर्षीं, म्हणजे १८१६ सालीं, युरोपांत उन्हाळा असा पडलाच नाहीं. पिकें शेतांतच कुजलीं व धान्य महाग झालें. अवर्षणानें वा अवकाळी पावसानें हातचें पीक गेलें म्हणजे घरांत काय होतें, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ह्या गीताचे शब्द त्याच वर्षीं लिहिले गेले. तें सुखाच्या दिवसांतलें गाणें नव्हे, ही पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी.

२. ज्यानें शब्द लिहिले

शब्द लिहिणाऱ्याचें नांव योसेफ मोर. त्याचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजीं साल्झबर्ग शहरांत झाला. त्याची आई आन्ना शोइबर विणकाम करून पोट भरणारी गरीब बाई होती. बाप फ्रान्झ मोर हा शिपाई होता. तो आपली पलटण सोडून पळाला, व त्यानें त्या बाईशीं लग्न केलें नाहीं. तेव्हां योसेफ हा विवाहाबाहेर जन्मलेला मुलगा. त्या काळीं अशा आईला दंड होई, अशा मुलाकडे लोक बोट दाखवीत, आणि त्यास धंदा शिकण्याचे व मान मिळविण्याचे मार्ग बहुतेक बंद असत. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याचा धर्मपिता म्हणून ज्याचें नांव लिहिलें गेलें तो योसेफ वोलमुट हा त्या शहराचा फांसावर चढविणारा माणूस होता. शहरानें त्याच्याकडून तें काम करून घ्यावें, आणि तेंच काम करतो म्हणून त्याला अमंगल मानून दूर ठेवावें, असा तेव्हांचा रिवाज होता. वाचकहो, गांवानें एखाद्याकडून एखादें काम करून घ्यावें व मग त्याच कामासाठीं त्यास शिवूं नये, ही रीत आपल्या देशांत आपल्या वाडवडिलांनीं सोसली आहे. ती दुसऱ्याहि देशांत होती.

परंतु त्या मुलाच्या अंगीं गोड गळा व तीक्ष्ण बुद्धि होती. साल्झबर्गच्या मुख्य मंदिरांतील गायनाचा पुढारी योहान नेपोमुक हिर्नले याच्या नजरेस तो पडला. त्यानें मुलास आपल्या देखरेखीखालीं घेतलें, शाळेंत घातलें व संगीत शिकविलें. पुढें मोर धर्मसेवेचें शिक्षण घेऊं लागला तेव्हां, विवाहाबाहेर जन्म झाल्यामुळें, त्यास रोमन मंडळीच्या नियमाप्रमाणें खास परवानगी मिळवावी लागली. १८१५ सालीं त्याची दीक्षा झाली आणि डोंगरांतील मारियाफार नांवाच्या गांवीं त्याची सहायक म्हणून नेमणूक झाली. तेथेंच १८१६ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंत, त्यानें सहा कडव्यांचें हें काव्य लिहिलें. प्रकृति बिघडल्यामुळें १८१७ सालीं तो तो डोंगरी मुलुख सोडून आला, व ओबर्नडॉर्फ येथील संत निकोलसाच्या मंदिरांत सहायक धर्मगुरु झाला.

३. ज्यानें चाल दिली

ओबर्नडॉर्फच्या शेजारीं आर्न्सडॉर्फ नांवाचें खेडें आहे. तेथील शाळामास्तर फ्रान्झ क्सावर ग्रूबर हा २५ नोव्हेंबर १७८७ रोजीं एका विणकराच्या घरीं जन्मला. मुलानें आपल्यासारखें मागावर बसावें अशी बापाची इच्छा होती, परंतु मुलाचें मन शिक्षणाकडे व संगीताकडे ओढ घेई, आणि शेवटीं तो शिक्षक झाला. खेड्यांतल्या शिक्षकाची मिळकत ती किती! १८१६ पासून तो ओबर्नडॉर्फच्या मंदिरांत ऑर्गन वाजविण्याचेंहि काम करूं लागला. एक तरुण सहायक धर्मगुरु व एक खेडवळ मास्तर असे हे दोघे अशा रीतीनें एका ठिकाणीं आले. दोघांपैकीं कोणासहि पुढें जगांत आपलें नांव होईल अशी कल्पना नव्हती.

४. १८१८ ची ती रात्र

त्या रात्रीचा विश्वसनीय वृत्तांत ग्रूबरनें स्वतः आपल्या हातानें लिहून ठेविला आहे. त्यावरून इतकें कळतें: २४ डिसेंबर १८१८ रोजीं मोरनें आपलें काव्य ग्रूबरच्या हातीं दिलें, आणि दोन आवाजांसाठीं, गायकवर्गाच्या साथीसह, गिटार ह्या तंतुवाद्यावर म्हणतां येईल अशी चाल करून द्यावी, अशी विनंति केली. ग्रूबरनें त्याच दिवशीं साधी चाल बसवून परत आणून दिली. मोरला ती आवडली, व त्याच रात्रींच्या उपासनेंत दोघांनीं मिळून ती म्हटली. मोर वरच्या सुरांत गात असे व गिटारहि तोच वाजवी. ग्रूबर खालच्या सुरांत साथ करी. नावाडी, मजूर व त्यांचीं बायकामुलें यांच्या त्या मंडळीस गीत आवडलें.

वृत्तांत एवढाच आहे. त्यांत चमत्कार नाहीं, स्वप्न नाहीं, दूत नाहीं. एकानें शब्द दिले, दुसऱ्यानें चाल दिली, आणि गरीब मंडळीनें तें कानीं घेतलें.

५. उंदरांची गोष्ट

आतां जी कथा आम्ही उपदेशांत सांगत होतों ती ही. म्हणे, नाताळच्या आदल्या दिवशीं ऑर्गनचा भाता उंदरांनीं कुरतडला. ऑर्गन मुका झाला. धर्मगुरु निराश होऊन बर्फांतून भटकत गेला. आणि त्या संकटांत देवानें त्यास हें काव्य सुचविलें. कथा ऐकावयास गोड आहे. परंतु ग्रूबरच्या वृत्तांतांत उंदरांचें नांवहि नाहीं. शिवाय, १९९५ सालीं मोरच्या स्वतःच्या हस्ताक्षरांतील या गीताचा एक कागद उजेडांत आला, त्यावर काव्याचें वर्ष १८१६ असें दिलें आहे व चाल ग्रूबरची आहे असेंहि लिहिलें आहे. म्हणजे शब्द त्या नाताळच्या दोन वर्षें आधीं, दुसऱ्याच गांवीं लिहिलेले होते. ऑर्गन बिघडलेला होता ही गोष्ट संभवनीय आहे, कारण कांहीं वर्षांनीं, १८२५ सालीं, तेथें नवा ऑर्गन बसविण्यांत आला. परंतु उंदीर व एका रात्रींत सुचलेलें काव्य हीं मागाहून लिहिणाऱ्यांनीं घातलेलीं भर आहेत.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, गोष्ट चांगली आहे, तिनें लोकांचा विश्वास वाढतो, मग खरीखोटी पाहण्याचें काय कारण?" आमचें उत्तर असें कीं, ज्या व्यासपीठावरून आम्ही प्रभूच्या जन्माची खरी वार्ता सांगतों त्याच व्यासपीठावरून न पारखलेली कथा सांगितली, तर ऐकणारा दोहोंस एकाच मापानें मोजील. मुलें मोठीं होतात, शहरांत शिकावयास जातात, आणि उंदरांची गोष्ट खोटी होती असें त्यांस कळतें. मग मेंढपाळांची गोष्टहि तशीच असेल असें त्यांच्या मनांत कां येऊं नये? लूकानें आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच सांगितलें आहे कीं, त्यानें सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून मग लिहिलें (लूक १:१-४). आम्हीं त्याचा कित्ता गिरवावयास पाहिजे होता. तो गिरविला नाहीं, ही आमची चूक आम्ही येथें कबूल करतों.

६. गीत कसें पसरलें

त्या काळीं ऑर्गन बांधणारे व दुरुस्त करणारे कारागीर गांवोगांव फिरत. तिरोल प्रांतांतील झिलर नदीच्या खोऱ्यांतील कार्ल माउराखर हा असाच कारागीर होता. त्यानें हें गीत ओबर्नडॉर्फहून आपल्या मुलुखांत नेलें असें मानितात. त्या खोऱ्यांतील कांहीं कुटुंबें हातमोजे वगैरे माल घेऊन दूरच्या बाजारांत विकावयास जात, आणि गिऱ्हाइकें जमावीं म्हणून आपल्या डोंगरांतलीं गाणीं गात. श्ट्रासर नांवाच्या अशा एका कुटुंबानें १८३० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत लाइप्झिग शहरीं हें गीत गाइलें, तें लोकांस फार आवडलें, व १८३३ च्या सुमारास ड्रेस्डेन येथें तें छापून निघालें. छापणाऱ्यानें वर लिहिलें कीं, हें तिरोलचें लोकगीत आहे. मोरचें नांव नाहीं, ग्रूबरचें नांव नाहीं. त्याच खोऱ्यांतील राइनर घराण्याच्या गायकांनीं १८३९ सालीं तें समुद्रापलीकडे न्यूयॉर्क शहरांत गाइलें.

विचार करा: हें गीत कोणा राजानें पसरविलें नाहीं, कोणा सभेनें ठराव करून पसरविलें नाहीं. वाद्यें दुरुस्त करणाऱ्यानें व हातमोजे विकणाऱ्यांनीं तें आपल्या शिदोरीबरोबर वाहून नेलें. प्रेषितांच्या काळीं शुभवर्तमानहि असेंच पसरलें, तंबू शिवणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला आणि जांभळीं वस्त्रें विकणारी लुदिया यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत (प्रेषितांचीं कृत्यें १६:१४, १८:२, ३).

प्रॉटेस्टंट लोकांनीं तर हें गीत फार लवकर आपलेंसें केलें. उत्तर जर्मनींतील मंडळ्यांत व शाळांत तें घरोघर गेलें. प्रशियाचा प्रॉटेस्टंट राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म यास तें प्रिय होतें. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी मंदिराचे सेवक जॉन फ्रीमन यंग यांनीं १८५९ सालीं त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, आणि आज इंग्रजींत सर्वत्र गातात तो मुख्यतः तोच होय. एका रोमन धर्मगुरूचे शब्द प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ओठीं बसले. ज्या मंडळ्यांमध्यें पूर्वीं रक्त सांडलें होतें त्या गोठ्यापुढें येऊन एकाच सुरांत गाऊं लागल्या, हें लहान काम नव्हे.

७. नांव हरवलें आणि सांपडलें

गीत वाढत गेलें, व त्याचे कर्ते विसरले गेले. चाल इतकी सुंदर आहे तर ती कोणा नामांकित संगीतकाराचीच असली पाहिजे, असें लोक म्हणूं लागले. १८५४ सालीं बर्लिनच्या राजदरबारच्या संगीतमंडळानें साल्झबर्ग येथें पत्र पाठवून चौकशी केली कीं, हें गीत मिखाएल हायडन ह्या प्रसिद्ध संगीतकाराचें आहे काय? ती चौकशी ग्रूबरच्या कानीं गेली. तो तेव्हां सदुसष्ट वर्षांचा असून हाल्लाइन गांवीं गायकवर्गाचा पुढारी होता. ३० डिसेंबर १८५४ रोजीं त्यानें वर सांगितलेला वृत्तांत लिहून दिला. त्यांत त्यानें भांडण केलें नाहीं, पैसा मागितला नाहीं. काय घडलें तें सरळ लिहिलें, व पहिलें नांव मोरचें घातलें. ग्रूबर १८६३ सालीं मरण पावला.

मोर मात्र ह्या चौकशीपूर्वींच, ४ डिसेंबर १८४८ रोजीं, फुप्फुसांच्या विकारानें वाग्राइन नांवाच्या डोंगरी गांवीं वारला. आयुष्यभर त्याची एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बदली होत गेली. वाग्राइन येथें त्यानें मुलांसाठीं शाळेची इमारत उभी केली व गरिबांची काळजी वाहिली; मरतांना त्याच्यापाशीं सांगण्यासारखी मालमत्ता नव्हती. त्याचें जिवंतपणीं काढलेलें एकहि चित्र नाहीं. ज्याचे शब्द जगाच्या टोंकापर्यंत गेले त्याचा चेहरा कसा होता हें जगास माहीत नाहीं. ओबर्नडॉर्फचें जुनें मंदिर पुरांनीं खिळखिळें झाल्यामुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडलें गेलें. त्या जागीं १९३७ सालीं एक लहानसें स्मारकमंदिर पुरें झालें. २०११ सालीं ऑस्ट्रियानें हें गीत आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादींत नोंदविलें.

८. गाळलेलीं कडवीं व घेतलेला आक्षेप

ह्या गीताविरुद्ध कांहीं संगीतज्ञांनीं व धर्मशास्त्र्यांनीं असा आक्षेप घेतला आहे कीं, हें फार हळुवार आहे. त्यांत अंगाईची गोडी आहे, परंतु पाप, तारण व न्याय यांविषयीं गंभीरपणा नाहीं. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु त्याचा बराच भाग गाणाऱ्यांवर येतो, कर्त्यावर नव्हे. मूळ काव्याचीं कडवीं सहा. बहुतेक गीतसंग्रहांत पहिलें, सहावें व दुसरें अशीं तीनच छापतात; मधलीं तीन गाळलेलीं आहेत. त्या गाळलेल्या कडव्यांत देवानें फार पूर्वींपासून मानवजातीस क्रोधापासून सोडविण्याचें योजिलें असा आशय आहे. आणि चौथ्या कडव्यांत पित्याची सर्व प्रीति त्या रात्रीं ओतली गेली, व येशूनें जगांतील सर्व राष्ट्रांस भावाप्रमाणें पोटाशीं धरिलें, असें म्हटलें आहे. युद्ध संपून एकच वर्ष झालेलें, गांवांवर लुटीच्या खुणा ताज्या, अशा वेळीं एका पळून गेलेल्या शिपायाचा मुलगा हें लिहितो, हें ध्यानांत घ्या. आणि तेंच कडवें आपण गाळलें!

त्याचें फळ काय झालें तें १९१४ सालीं दिसलें. पहिल्या महायुद्धाचा तो पहिला नाताळ. फ्लांडर्सच्या आघाडीवर जर्मन व इंग्रज शिपाई चिखलाच्या खंदकांत समोरासमोर बसले होते. त्या मुलुखांत तेव्हां हिंदी पलटणीहि लढत होत्या. २४ डिसेंबरच्या रात्रीं कित्येक ठिकाणीं जर्मन खंदकांतून नाताळचीं गीतें ऐकूं आलीं, त्यांत हेंहि होतें. पलीकडून इंग्रजांनीं आपल्या भाषेंत गाऊन उत्तर दिलें. दुसऱ्या दिवशीं पुष्कळ ठिकाणीं शिपाई खंदकांतून बाहेर आले, हात मिळविले, तंबाखू व खाऊ वांटून घेतला, आणि आपापले मेलेले पुरिले. परंतु तो समेट फार थोडा काळ टिकला. वरिष्ठांनीं पुन्हां असें होऊं नये अशी सक्त ताकीद दिली, तोफा पुन्हां सुरू झाल्या, आणि युद्ध १९१८ पर्यंत चाललें.

ह्या प्रसंगाची गोष्ट सांगून पुष्कळ वक्ते गीताचा महिमा गातात. आम्हांस तींत आनंद वाटतो, पण धाकहि वाटतो. कारण तिच्यांतून हें सिद्ध होतें कीं, एकाच गीताच्या एकाच चालीवर दोघांनीं प्रभूस नमन करावें, आणि आठवड्याच्या आंत एकमेकांवर गोळी झाडावी, असें होऊं शकतें. गीतानें हात थांबला. हृदय पालटण्यास गीत पुरें पडलें नाहीं.

९. आपल्यासाठीं बोध

पहिला बोध साधनांविषयीं. कित्येक लहान मंडळ्यांतून आम्हांस निरोप येतो कीं, "आमच्याकडे पेटी नाहीं, वाजविणारा नाहीं, नाताळची उपासना कशी करावी?" बंधूंनो, हें गीत प्रथम गाइलें तेव्हां ऑर्गन वाजला नाहीं; रस्त्यावर व खानावळींत वाजविलें जाणारें साधें तंतुवाद्य पुरलें. आपल्या महाराष्ट्रांत नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं हेंच शिकविलें: त्यांनीं अभंग, कीर्तन, टाळ व मृदंग यांच्या द्वारें प्रभूची स्तुति मराठी माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोंहोंचविली. ज्यांच्याजवळ टाळांची एक जोडी आहे त्यांनीं तीच हातीं घ्यावी. ज्यांच्याजवळ तीहि नाहीं त्यांनीं टाळी वाजवावी.

दुसरा बोध जन्माविषयीं. आमच्याहि मंडळ्यांत कधीं अशी आई येते कीं, जिच्या लेकराच्या बापाचें नांव नोंदवहींत लिहितां येत नाहीं. ती मागच्या बांकावर बसते, आणि बायका सरकून बसतात. एका ठिकाणीं अशा लेकराचा बाप्तिस्मा पुढें ढकलीत ढकलीत त्याचें बालपण संपलें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, व त्या वेळीं जितकें बोलावयास पाहिजे होतें तितकें आम्हीं बोललों नाहीं. पापास पाप म्हणावें, यांत शंका नाहीं. पण लेकरानें कोणतें पाप केलें? आन्ना शोइबरच्या मुलाला मंडळीनें दार लावलें असतें, तर जगाच्या नाताळांतलें हें गीत कोठून आलें असतें? हिर्नलेसारखा एक माणूस पुरे झाला. वडील मंडळींनीं व पंचांनीं ह्या नाताळांत आपल्या गांवांत असें कोणी लेकरूं आहे काय हें पहावें, आणि त्यास हात धरून पुढच्या रांगेंत आणावें. ज्या प्रभूस धर्मशाळेंत जागा मिळाली नाहीं त्याच्या मंडळींत तरी जागा असावी.

तिसरा बोध गाळलेल्या कडव्याविषयीं. ओबर्नडॉर्फ व लाउफेन यांमध्यें नदी होती. आमच्या गांवांत कोठें ओढा आहे, कोठें बांध आहे, कोठें नुसती वहिवाट आहे. एका वाड्यांतले ख्रिस्ती दुसऱ्या वाड्यांतल्या ख्रिस्त्यांच्या पंगतीस बसत नाहींत, पूर्वींच्या जातीचें नांव सोयरिकीच्या वेळीं पुन्हां वर येतें, आणि बांधाच्या हातभर जमिनीसाठीं दोन भाऊ एकाच मंदिरांत पाठ फिरवून बसतात. मेणबत्त्या हातांत घेऊन गोड गाण्यापूर्वीं, ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे त्याच्या दारीं जावें. पौल सांगतो कीं, ख्रिस्तानें मधली आडभिंत पाडली आहे (इफिस २:१४). पाडलेली भिंत आपण पुन्हां रचूं नये.

चौथा बोध नांवाविषयीं. मोरचें नांव वीसएक वर्षें कोणास ठाऊक नव्हतें, तरी गीत आपलें काम करीतच राहिलें. आपल्या मंडळ्यांत सतरंजी अंथरणारे, पाणी भरणारे, मुलांस ओळी पाठ करून देणारे पुष्कळ आहेत, ज्यांचें नांव अहवालांत येत नाहीं. त्यांनीं खिन्न होऊं नये. आणि ज्यांस मान मिळतो त्यांनीं ग्रूबरप्रमाणें आपल्या सोबत्याचें नांव आधीं घ्यावें.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस सूचना

हा पाठ नाताळपूर्वींच्या रविवारीं घ्यावा. प्रथम लूक २:१-२० मुलांकडून वाचून घ्यावें. मग गीताचा वृत्तांत थोडक्यांत सांगावा. शेवटीं गीत वाद्याशिवाय एकदां म्हणावें. पुढील प्रश्न विचारावेत:

१. ज्या वर्षीं हे शब्द लिहिले गेले त्या वर्षीं लोकांवर कोणतीं संकटें होतीं? मेंढपाळांच्या रात्रीशीं त्याची तुलना करा.

२. योसेफ मोरला त्याच्या जन्मामुळें कोणत्या अडचणी आल्या? देव माणसाचें काय पाहतो? (१ शमुवेल १६:७)

३. उंदरांची गोष्ट आपण कां सांगूं नये? लूक १:१-४ वरून काय शिकतों?

४. १९१४ चा समेट कां टिकला नाहीं? आपल्या गांवांत कोणता समेट ह्या नाताळांत व्हावयास पाहिजे?

त्या मुलीस आम्ही हा अंक स्वतः नेऊन देणार आहों. तिच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास एक वर्ष लागलें, याबद्दल तिनें आम्हांस क्षमा करावी. सर्व वाचकांस शांतीचा व समेटाचा नाताळ लाभो, ही प्रभूपाशीं प्रार्थना.